आईचं आयुष्य नोंदवून ठेवायचंय? प्रश्न, रेकॉर्डिंग, जुने कागद आणि नेहमी होणारे घोटाळे

बहुतेक घरांत आजोबा-पणजोबांची वंशावळ कुठल्या तरी वहीत सापडते. जमीन कुणी घेतली, कुणी विकली, गाव सोडून मुंबईला पहिला कोण गेला, हेही कुणाला तरी माहीत असतं. त्याच घरातल्या आईचं लग्नाआधीचं नाव, तिची शाळा, तिची न जगलेली मुलं, तिनं मोडलेले दागिने हे मात्र फक्त तिलाच ठाऊक असतं.

हे काम अडतं ते दोन ठिकाणी. आईला साल विचारलं की ती गप्प होते, कारण तिनं आयुष्य सालांत मोजलेलंच नसतं. आणि कागद शोधायला गेलात तर ती कुणाची तरी मुलगी किंवा कुणाची तरी बायको म्हणून सापडते, तीही दोन वेगळ्या नावांनी. म्हणून तिच्याकडून कामं, घरं, वस्तू आणि माणसं काढून घ्यायची. सालं आपण बाहेरून लावायची.

१. आधी तिला विचारा

लपवून रेकॉर्डिंग करू नका. पुढे ते ऐकवताना सगळ्यांचीच पंचाईत होते. कशासाठी करतोय, कोण ऐकणार, छापणार की नाही, हे सरळ सांगा. "माझं काय सांगण्यासारखं आहे?" हे उत्तर येणारच. त्यावर तिच्या थोरवीचं भाषण नको. एखादा नेमका प्रश्न टाका: "तुमच्या माहेरच्या घरी पाणी कुठून आणायचे?" गाडी सुरू होते.

पहिल्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव, कोण विचारतंय आणि तिची परवानगी तिच्याच आवाजात घ्या. काही भाग 'मी गेल्यावरच ऐका' असा असेल तर तेही तिथेच बोलून ठेवा.

विचारणारं माणूस कोण, यावर उत्तरं बदलतात. बाळंतपणाबद्दल मुलीला सांगेल ते मुलाला सांगणार नाही, सासरबद्दल मुलांना सांगणार नाही ते नातीला सांगेल. सूनबाईंनी विचारलं तर 'सासूबाई' म्हणून काही झाकून ठेवेल, काही मुद्दाम ऐकवेल. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळ्या दिवशी बसावं.

२. लागणारं सामान

- मोबाइल. दोन असले तर उत्तम, दुसऱ्यावर तेच रेकॉर्डिंग चालू ठेवायचं
- कॉलरला लावायचा वायरचा माइक, फोमच्या टोपीसकट. तुमच्या फोनला कुठली पिन लागते (गोल की टाइप-सी) ते बघूनच घ्या
- चार्जर किंवा पॉवर बँक
- दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल
- ती राहिली त्या घरांचे नकाशे काढायला मोठे कोरे कागद
- जुने फोटो, लग्नपत्रिका, पत्रं, तिची पाककृतींची वही
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा (कशाला, ते पुढे येईल)
- एक पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क

व्हिडिओ हवाच असं नाही. कॅमेरा समोर आला की पदर सावरणं आणि 'चांगलं' बोलणं सुरू होतं. मुख्य काम आवाजावर करा. पुरण वाटणं, वाती वळणं, गोधडीचे टाके असं हातांचं काम तेवढं व्हिडिओवर घ्या, तेही हातांवर कॅमेरा धरून.

३. जागा आणि आवाज

खोली छोटी आणि भरलेली निवडा. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असेल तर आवाज घुमत नाही. नुसती फरशी आणि उघड्या भिंती असलेला हॉल सगळ्यात वाईट. कुकरच्या शिट्ट्या, शेजारची मालिका आणि पाणी भरायची मोटर यांच्या वेळा टाळा. दुपारच्या जेवणानंतर थोडी डुलकी झाली की साडेतीन-चारची वेळ बहुतेकींना सोयीची असते.

माइक हनुवटीपासून साधारण १५ ते २० सेंटीमीटरवर हवा. साडीवर तो खांद्याच्या बाजूला पदराच्या काठाला लावा. मधोमध लावलात तर मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर आपटतात आणि तासभराची टकटक नंतर काढता येत नाही. बांगड्यांचंही तेच. काढायला सांगू नका, बऱ्याच जणींना ते रुचत नाही. मांडीवर उशी ठेवा, हात त्यावर राहतात. पंखा बंद करणं उन्हाळ्यात शक्य नसतं. तो कमी वेगावर ठेवा, माइकला फोमची टोपी घाला आणि तिला वाऱ्याच्या थेट झोताखाली बसवू नका. फ्रिज बंद केलात तर परत चालू करायचं कागदावर लिहून ठेवा, नाहीतर दूध नासेल आणि पुढच्या बैठकीला परवानगी मिळणार नाही.

फोन विमान मोडवर टाका. मध्येच कॉल आला की कित्येक फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सेटिंगमध्ये वॅव्ह प्रकार मिळत असेल तर तो निवडा. मोनो असेल तर तासाला साधारण ३०० एमबी जागा लागते. एम४ए १२८ केबीपीएसवर तासाला ६० एमबीच्या आसपास पुरतात, बोलण्यासाठी तेही चालतं. सुरुवातीला दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. हे न करता बसू नका.

परदेशातून व्हिडिओ कॉलवर बोलत असाल तर कॉलच्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका. आईजवळ बसलेल्या भाचीला किंवा शेजारणीला दुसरा फोन तिच्यासमोर ठेवून आवाज वेगळा रेकॉर्ड करायला सांगा. कॉलची अॅप मागचा आवाज दाबताना गाणंही गोंधळ समजून कापतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं तर ओव्या वाचतात.

एक बैठक पाऊण तासाची, फार तर तासाची. आठवड्याला एक पुरे. मधल्या दिवसांत तिला आपोआप आठवत राहतं आणि पुढच्या वेळी "त्या दिवशी सांगायचं राहिलं" इथून सुरुवात होते.

४. पहिली बैठक: घरं

पहिल्या दिवशी जन्म, शिक्षण, लग्न या क्रमानं जाऊ नका. तसं केलं की बायोडेटा मिळतो. कोरा कागद घ्या आणि माहेरच्या घराचा नकाशा काढायला लावा. स्वतः पेन धरायला नको म्हणाली तर तुम्ही काढा, ती चुका दाखवेल. ओटी, माजघर, चूल कुठल्या बाजूला, गोठा, परस, विहीर, न्हाणी, धान्याची कणगी. चाळीतली खोली असेल तर नळ, संडास, गॅलरी, आणि रात्री कोण कुठे झोपायचं. कोण कुठे झोपायचं या प्रश्नातून घरात किती माणसं होती, कोण आजारी होतं, कोण नुकतं लग्न होऊन आलं होतं हे सगळं बाहेर येतं.

मग राहिलेल्या घरांची यादी करा: जन्म झाला ते, माहेर, शिकायला राहिली ते, सासरचं, बदलीची, भाड्याची, स्वतःचं. प्रत्येक घराला क्रमांक द्या. पुढच्या सगळ्या बैठकांत 'तेव्हा कुठल्या घरात होतीस?' एवढं विचारलं की प्रसंग जागेवर बसतो. गाव धरणात गेलं असेल (कोयना, जायकवाडी, उजनी) तर जुन्या गावठाणाचा नकाशा आधी काढून घ्या, कारण तो जमिनीवर आता बघता येणार नाही.

५. काय विचारायचं

'कसं वाटलं?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी 'काय केलंस?', 'कुणी शिकवलं?', 'किती वाजता?', 'पैसे कुणाकडे असायचे?' असे प्रश्न. काही हमखास चालणारे:

माहेरची सगळी माणसं, टोपणनावांसकट. अक्का, माई, बेबी, नानी यांची खरी नावं काय? एका घरात दोन 'ताई' असतात आणि पुढच्या पिढीत त्यांची सरमिसळ होते.

लग्नात नाव बदललं का? कुणी निवडलं? माहेरी अजून जुन्या नावानं कोण हाक मारतं? तांदळात लिहिलेलं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव, दोन्ही वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. कागद शोधताना त्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

शाळा कधी सुटली आणि का. 'शिकले नाही' म्हणाली तरी अक्षरं कुणी शिकवली, सही कधी करायला लागली, पहिलं काय वाचलं ते विचारा.

दागिने. हा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी वाटतो. लग्नात काय घातलं होतं, कुणाच्या बाजूचं, किती तोळे, आणि कुठला दागिना कधी मोडला? पाटल्या फीसाठी गेल्या, ठुशी विहिरीसाठी गेली, बोरमाळ नणंदेच्या लग्नात दिली. घराचा जमाखर्च यातून जितका कळतो तितका वडिलांच्या पासबुकातून कळत नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता आणि आताचे सराफ १० ग्रॅमचा धरतात, तेव्हा वजन लिहिताना कुठला तोळा ते नोंदवा.

कमाई. बायका नोकरी नसेल तर 'काही करत नव्हते' म्हणतात. म्हणून वेगळं विचारा: शिवणकाम, पापड, खानावळीचे डबे, दूध, कोंबड्या, भिशी, मजुरी, शिकवण्या. रोज किती मिळायचे आणि ते कुणाच्या हातात पडायचे?

बाळंतपणं. प्रत्येक वेळी कुठे झालं, सुईण कोण होती की दवाखाना, किती दिवस माहेरी. गेलेली आणि पडलेली मुलंही, ती सांगणार असेल तर.

ओव्या, पाळणे, उखाणे, भोंडल्याची गाणी. नुसतं 'ओवी म्हण' म्हटलं तर दोन ओळींवर अडते. हाताला काम द्या. दळण्याची हालचाल करत म्हटलं की एकीतून दुसरी निघते. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पारी' या इंटरनेटवरच्या संग्रहात ऐकता येतात. त्यातल्या दोन-चार ऐकवल्या की "आमच्याकडे असं नव्हते म्हणत" असं म्हणून ती स्वतःची सुरू करते.

स्वयंपाक. 'अंदाजानं घालायचं' या उत्तरावर थांबू नका. ती गोडा मसाला करत असताना प्रत्येक डबा काट्यावर आधी ठेवा, तिनं घेतल्यावर परत ठेवा, फरक लिहा. तिला मोजायला लावलं की तिचा हात चुकतो. जुनी मापं (चिपटं, मापटं, शेर, पायली) सांगितली तर ती घरातली आहेत का बघा आणि पाणी भरून लिटरमध्ये मोजा. चार शेरांची पायली हे खरं, पण शेर गावागावाला वेगळा.

वडील शेजारी बसून सालं दुरुस्त करणार, हे गृहीत धरा. "तेव्हा नाही, त्याच्या आधी" असं दोनदा झालं की आई "त्यांनाच विचार" म्हणून उठते. वडिलांना वेगळी बैठक द्या, मानानं द्या, पण वेगळी. मावशी आल्या असतील तर मात्र दोघींना एकत्र बसवा. भांडणं होतील, ती रेकॉर्ड होऊ द्या.

६. साल कसं काढायचं

तिच्या आठवणीला सार्वजनिक घटनेचा खुंटा लावायचा. ही यादी जवळ ठेवा आणि तिच्या भागाप्रमाणे वाढवा:

- ३० जानेवारी १९४८: गांधीहत्या, नंतरची पश्चिम महाराष्ट्रातली जाळपोळ
- १७ सप्टेंबर १९४८: मराठवाडा निजामाकडून मुक्त ('रझाकाराच्या वेळी' म्हणजे याच्या आधी)
- १४ ऑक्टोबर १९५६: नागपूरची धम्मदीक्षा, ६ डिसेंबर १९५६: बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण
- १ एप्रिल १९५७: नवे पैसे
- १ मे १९६०: महाराष्ट्र राज्य
- १२ जुलै १९६१: पानशेत फुटलं
- १९ डिसेंबर १९६१: गोवा मुक्त
- ११ डिसेंबर १९६७: कोयनेचा भूकंप, पहाटे
- डिसेंबर १९७१: युद्ध, ब्लॅकआउट
- १९७२-७३: दुष्काळ
- २ ऑक्टोबर १९७२: मुंबई दूरदर्शन
- २५ जून १९७५ ते मार्च १९७७: आणीबाणी
- १६ फेब्रुवारी १९८०: सूर्यग्रहण
- १८ जानेवारी १९८२: गिरणी संप
- ३१ ऑक्टोबर १९८४: इंदिरा गांधींची हत्या
- ३० सप्टेंबर १९९३: किल्लारीचा भूकंप, गणपती विसर्जनानंतरची पहाट
- २१ सप्टेंबर १९९५: गणपती दूध प्यायला (हसू नका, हे सगळ्यांना आठवतं)

वापरायची पद्धत अशी: 'कोयनेच्या भूकंपाला कुठल्या घरात होतीस? थोरला पाळण्यात होता की चालायचा?' पाळण्यात म्हणजे वर्षाच्या आतला, म्हणजे त्याचा जन्म १९६७चा किंवा १९६६ अखेरचा. एका खुंट्यावर विसंबू नका, दोन बाजूंनी मोजा. ब्लॅकआउट १९६५लाही होता. 'दुष्काळ' म्हणाली तर कुठला, ते खडी फोडायला जायचो, सुकडी मिळायची, यांवरून ओळखा. ही खूण १९७२-७३ची.

तिथी आठवत असेल तर काम आणखी सोपं. शक सालात ७८ मिळवले की इसवी सन येतं, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७९. त्या वर्षाचं जुनं पंचांग मिळालं की तारीख पक्की होते. 'अधिक महिना होता' एवढं आठवलं तरी वर्ष बरंच आवळतं, कारण तोच अधिक महिना बहुधा १९ वर्षांनी फिरून येतो: अधिक श्रावण १९८५, २००४ आणि २०२३ साली होता.

प्रत्येक सालापुढे खूण करा: 'क' कागदावरून, 'अ' आईच्या सांगण्यावरून, 'ह' हिशोबानं काढलेलं. पाच वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही की १९६४ हा आकडा कुठून आला.

७. कागद

घरापासून सुरुवात करा. ट्रंकेच्या तळाशी, देवघराच्या खणात, जुन्या कालनिर्णयच्या मागे. शोधायचं ते हे: लग्नपत्रिका, लग्नाच्या याद्या, अहेराची वही (दोन्हीकडच्या नात्यांची यादी यात आयती मिळते), जन्मपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, प्रसूतीचे दवाखान्याचे कागद, पोस्टकार्डं, पासबुकं. नोकरी केली असेल तर सेवापुस्तक. त्यात नेमणुका, बदल्या आणि रजा तारीखवार असतात, म्हणजे बाळंतपणाच्या रजाही.

बाहेरच्या कागदांत पहिला सापळा गावाचा. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून आईचा जन्म तिच्या माहेरी नव्हे तर तिच्या आईच्या माहेरी, म्हणजे आजोळी नोंदलेला असण्याची शक्यता मोठी. तसंच तुमच्या थोरल्या भावाची नोंद आईच्या माहेरच्या गावात. चुकीच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालण्याचं हे पहिलं कारण.

जन्माची नोंद ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात मागा. जुन्या काळची गावची नोंद कोतवाल बुकात (गाव नमुना १४) असते आणि ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. अर्जात गाव, आजोबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे तीन वर्षांचा पट्टा लिहा. नोंद सापडेल ती बहुतेक वेळा वडिलांच्या नावाखाली नुसती 'मुलगी' अशी. भावंडांचा क्रम आधी लावलेला असेल तरच ही मुलगी आई की मावशी ते ठरवता येतं.

शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडे मागा, माहेरच्या नावानं. शाळा बंद झाली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करा. जन्मतारीख १ जून दिसली की ती खरी धरू नका. शाळा जूनमध्ये भरायची, गुरुजी वय नजरेनं ठरवायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. पत्रिकेतली तारीख त्याहून बरी, पण स्थळ जुळवायला नवी पत्रिका केलेली असू शकते. जुनी, जन्मानंतर लगेच केलेली असेल तीच धरा.

जमिनीचे कागद विसरू नका. आईचे वडील वारल्यावर झालेला वारस नोंदीचा फेरफार (गाव नमुना ६) काढा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही वारस म्हणून त्यात येतात, लग्नानंतरच्या नावांसकट. पुढे तिनं भावांना हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असतं. बऱ्याच बायकांची सही किंवा अंगठा असलेला हा एकमेव मोठा कागद.

जिल्हा तपासा. ती 'रत्नागिरी जिल्हा' म्हणते ते गाव १ मे १९८१पासून सिंधुदुर्गात असेल. लातूर १९८२पर्यंत उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात होतं. विदर्भाचे १९५६आधीचे कागद मध्य प्रदेशाच्या (१९५०पूर्वीचे मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या) नावानं, मराठवाड्याचे निजामकाळातले उर्दूत. गोव्यातल्या १९६१पूर्वीच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आणि नावं पोर्तुगीज वळणानं लिहिलेली. जुनं बाड मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याला स्पष्ट फोटो पाठवा, मूळ कागद नको.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आणि कोल्हापूर-सांगलीकडे फिरणारे हेळवी यांच्याकडे पिढ्यांची नावं असतात, पण ती पुरुषांच्या रांगेनं. आईसाठी तुमचं नव्हे, मामांचं आडनाव आणि मूळ गाव सांगा. जनगणनेच्या घरोघरच्या तक्त्यांमागे लागू नका. कायद्यानं ते गोपनीय आहेत, मिळत नाहीत.

वंशावळ काढताना आईची आई, तिची आई अशी रांगही काढा. तिसऱ्या पायरीपुढे नाव क्वचितच आठवतं, म्हणून हे पहिल्या महिन्यातच विचारा. मामेबहीण-आतेभावाचं लग्न झालेलं असेल तर एकच माणूस दोन ठिकाणी येतं. म्हणून प्रत्येकाला क्रमांक द्या, नावावर भिस्त ठेवू नका; नातवाला आजोबांचं नाव असतंच.

८. फोटो

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, पानासकट फोटो घ्या. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटो काचेसकटच घ्या, तिरक्या उजेडात, फ्लॅश बंद. स्कॅनरवर ६०० डीपीआय, पासपोर्ट आकाराला १२००. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही स्कॅन करा. नावं लिहायची ती मऊ शिसपेन्सिलनं. बॉलपेनाचा दाब पुढून दिसतो. फोटो दाखवताना रेकॉर्डर चालू ठेवा आणि 'डावीकडून तिसरी' असं बोलून सांगा, नाहीतर नंतर 'ही बघ ना, ही!' एवढंच ऐकू येतं.

व्हॉट्सअॅपवर फोटो आणि आवाज पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो.

९. नाजूक जागा

जमिनीच्या वाटणीचे प्रश्न रेकॉर्डर चालू असताना विचारू नका. एकदा का मामांच्या कानावर गेलं की 'पुतणे-भाचे पुरावा गोळा करतायत' अशी हवा होते. मृत्युपत्राचा विषयही या कामापासून लांब ठेवा.

रडू आलं तर लगेच रेकॉर्डर बंद करायची गरज नाही, पण पुढचा प्रश्नही टाकू नका. पाणी द्या. 'थांबू या का?' एवढं विचारा. जिवंत माणसाबद्दल कडू बोललेलं असेल तर तो भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून बंद ठेवा, पुसू नका. दुसऱ्या दिवशी "ते काढून टाक" म्हणाली तर काढा. तिचं आहे ते.

विसरभोळेपणा सुरू झालेला असेल तर बैठक वीस मिनिटांची, सकाळची. वस्तू हातात द्या: अडकित्ता, पोळपाट, जुनी पैठणी. चूक दुरुस्त करू नका. साल आणि नावं गेलेली असली तरी गाणी आणि हातांची कामं बरीच टिकून असतात; तेवढंच घ्या.

आई आता नसेल तर तिच्या बहिणी, तिच्या वहिनी, जुन्या शेजारणी आणि कामावरच्या मैत्रिणी यांच्याकडे हेच प्रश्न घेऊन जा. वहिनींकडे आधी जा. माहेरी आलेली नणंद काय बोलायची, हे त्यांनीच ऐकलेलं असतं.

१०. उतरवणं आणि सांभाळणं

त्याच दिवशी फाइलला नाव द्या: आधी वर्ष, महिना, दिवस, मग विषय. उदा. '२०२५-०३-१४-माहेर-०१'. असं केलं की फाइली आपोआप क्रमानं लागतात. मूळ फाइल कापू नका, तिची नक्कल करून कापा. तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. क्लाउडचा पासवर्ड किमान दोघांना माहीत हवा.

एका तासाचं बोलणं हातानं उतरवायला चार ते सहा तास जातात. मराठी व्हॉइस टायपिंग मदत करतं, पण मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी आली की काहीच्या बाही लिहितं. ओळनओळ तपासावी लागते. सगळं उतरवणं झेपत नसेल तर दर पाच मिनिटांना काय बोलणं झालं याची एक ओळ लिहा. नुसती अशी सूची असली तरी रेकॉर्डिंग वापरता येतं. सूची नसेल तर वीस तास कुणी ऐकत बसत नाही.

बोली तशीच ठेवा. 'गेल्लो', 'जायेल व्हतू', 'करून राहिलो' यांचं पुस्तकी मराठी करू नका. अवघड शब्दाचा अर्थ शेवटी द्या.

छापायचं असेल तर मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या आणि ती फाइल स्वतःकडे ठेवा. डीटीपीवाले जुन्या फाँटमध्ये रूपांतर करतात. दहा वर्षांनी तो फाँट नसला की फाइलचं भेंडोळं होतं. ए५ आकार, ऐंशी-शंभर पानं, अक्षर १४ पॉइंट, म्हणजे तिला स्वतःला चष्मा लावून वाचता येईल. 'त्यागमूर्ती', 'माउली' असली विशेषणं काढून टाका; गौरवग्रंथ नातवंडं उघडत नाहीत. कच्ची प्रत आधी तिला वाचून दाखवा, एका बैठकीत एकच प्रकरण, आणि त्या वेळीही रेकॉर्डर चालू ठेवा. ती दुरुस्त्या सांगता सांगता जेवढं नवीन सांगते, त्याचं आणखी एक प्रकरण होतं. म्हणून छापखान्याला तारीख त्यानंतरच द्या.